पुण्याहून जर्मनीला जाताय आणि लहान मूल बरोबर आहे? अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं तर काय काय करायचं

हिंजवडी-खराडीतून जर्मनीला जाणारी मंडळी घर कसं शोधायचं, पत्त्याची नोंदणी कधी करायची, कुकर कुठल्या बॅगेत टाकायचा, सगळं विचारून जातात, पण पोरगं आजारी पडलं तर काय हे कोणी विचारत नाही, कारण तो विषयच नको वाटतो. आमची लेक अडीच वर्षांची असताना ऐन हिवाळ्यात तिला श्वास लागला आणि अ‍ॅडमिट करावं लागलं. आता आम्ही परत पुण्यात आहोत, ती कोथरूडात शाळेत जाते आणि अर्धा डबा रोज परत आणते, म्हणजे ठणठणीत आहे. ओळखीतलं कोणी निघालं की मला फोन येतो आणि मी तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी एक मुद्दा. इथे आपल्याला सवय काय असते, डिपॉझिट भरायचं, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावायचा, खालच्या मेडिकलमधून औषधं धावत जाऊन आणायची, माहेरहून नाहीतर सासरहून डबा येतोच. तिकडे यातलं काहीही नसतं. पैसे कोणी मागत नाही, औषध आणायला कोणी पाठवत नाही, पण कागद लागतात आणि प्रत्येक गोष्ट तोंडाने मागावी लागते. आपण आपले संकोचून बसतो की विचारतील, देतील. नाही विचारत. मागितलं की मात्र बहुतेक वेळा मिळतं.

(हे सगळं सरकारी पद्धतीच्या विम्याबद्दल आहे, म्हणजे टीके, एओके, बार्मर वगैरे क्रांकनकासे, आरोग्य विम्याच्या संस्था. नोकरीवर जाणारे बरेच जण यातच असतात. खाजगी विमा असेल तर बिल आधी तुमच्या नावावर येतं, मग कंपनीकडून वसूल करायचं, नियमही वेगळे.)

१. पुण्यातून निघायच्या आधी

सगळ्यात महत्त्वाचं काम इथेच आहे. मुलाच्या पुण्यातल्या डॉक्टरांकडे जा आणि इंग्रजीत एक पानाचं पत्र लिहून घ्या. त्यात जन्माच्या वेळचं वजन, आधी कधी अ‍ॅडमिट होतं का, कशाची अ‍ॅलर्जी, आधी कधी छातीत घरघर झाली का आणि तेव्हा काय दिलं, हे सगळं हवं. औषधांची नावं ब्रँडची नकोत, आतल्या घटकाची हवीत. क्रोसिन म्हटलं तर तिकडे कोणाला कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की लगेच कळतं. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली सिरपं सर्रास देतात, तसलं काही दिलं असेल तर दोन्ही नावं सांगता आली पाहिजेत, नाहीतर डॉक्टर वरून परत त्यातलंच एक देतील.

त्याच पत्रात अजून दोन गोष्टी आवर्जून लिहून घ्या, या कोणी सांगत नाही:

- बीसीजी दिल्याची नोंद. जर्मनीत बीसीजी आता सगळ्या मुलांना देत नाहीत, १९९८ पासून तशी शिफारसच नाही. दंडावरचा डाग बघून तरुण डॉक्टर विचारात पडतात, आणि पुढे कधी टीबीची त्वचेवरची टेस्ट केली तर बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते.
- कमरेवर, ढुंगणावर निळसर जन्मखुणा असतील तर त्यांची नोंद. आपल्या बाळांना या खूप असतात आणि बहुतेक वेळा मूल मोठं होता होता जातात, इथे आजी बघून दुर्लक्ष करते. तिकडे ज्यांनी फारशा पाहिल्या नाहीत त्यांना ते मार लागल्याचे डाग वाटू शकतात. लेखी असलेलं बरं, आणि तिकडच्या डॉक्टरांकडूनही पहिल्याच भेटीत नोंदवून घ्या.

लसीकरणाचं पुस्तक मूळ प्रत न्या, शिवाय प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गोवराच्या लसीचा पुरावा तर पाळणाघरासाठीही लागतो, १ मार्च २०२० पासून तसा कायदा आहे. जन्मदाखला महापालिकेचा, आई-वडील दोघांची नावं पासपोर्टप्रमाणेच आहेत ना बघा, अपॉस्टिल (परदेशी वापरासाठीचा सरकारी शिक्का) लागतं का ते व्हिसाच्या यादीत बघून घ्या. निघायच्या आठवड्यात हे होत नाही, दोन-तीन महिने आधी लागा.

भाषेचं म्हणाल तर रानडेमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, केली असेल तर उत्तम, पण त्यात कॉफी मागायला शिकवतात, पोराला धाप लागलीय हे सांगायला नाही. तेवढं एक वाक्य पाठ करा, "माइन किंड बेकोम्ट श्लेश्ट लुफ्ट", माझ्या मुलाला नीट श्वास घेता येत नाहीये. ताप म्हणजे फीबर, जुलाब म्हणजे डुर्शफाल. एवढ्यावर निभतं, बाकी डॉक्टरांना बहुतेक इंग्रजी येतं. नर्सना येईलच असं नाही.

२. पोचल्यावर पहिल्या महिन्यात

विम्याचा फॉर्म भरताना मुलाचं नाव कुटुंब विम्यात घालायला वेगळा फॉर्म असतो, तो भरला तरच कार्ड येतं. नोकरी करणाऱ्याच्या विम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार फुकट येतात, पण आपोआप नाही येत. कार्ड यायला वेळ लागला तर क्रांकनकासेकडून तात्पुरतं पत्र मागा, तेही चालतं.

मग बालरोगतज्ज्ञ, किंडरआर्त्स्ट. हे मूल ठणठणीत असतानाच शोधा. मोठ्या शहरांत अर्धेअधिक म्हणतात नवीन पेशंट घेत नाही. फोनवर नाही म्हणाले तर जाऊन उभं राहा, मुलाला घेऊन जा, पोराकडे बघून कधी कधी काउंटरवरच्या बाई विरघळतात. पहिल्या भेटीत तिकडचं पिवळं तपासणी पुस्तक मागून घ्या, वाढीच्या ठरलेल्या तपासण्या त्यात नोंदतात आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा तेच पुस्तक मागतात.

३. कुठला नंबर कधी लावायचा

- ११२: जीवावरचं असेल तेव्हा. ओठ निळे पडलेत, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मूल जागं होत नाहीये, फिट आली. पत्ता आधी सांगा, मग काय झालंय ते, आणि ते ठेवतो म्हणेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही.
- ११६११७: डॉक्टरांचा दवाखाना बंद असताना, रात्री, शनिवार-रविवारी, पण जीवावरचं नसेल तेव्हा. कुठे जायचं ते सांगतात, बऱ्याच शहरांत मुलांचा वेगळा दवाखाना हॉस्पिटलच्याच आवारात असतो.
- विषबाधेची हेल्पलाइन: बऱ्याच ठिकाणी एरिया कोड आणि पुढे १९२४०, बर्लिनला ०३० १९२४०, म्युनिकला ०८९ १९२४०. डिशवॉशरची गोळी तोंडात घातली वगैरे. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.
- बाकी सगळ्याला आपला किंडरआर्त्स्ट, सकाळी दवाखाना उघडतो त्या मिनिटाला फोन, नाहीतर लाइन लागत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ च्या वर ताप आला तर वाट न बघता निघायचं. मोठ्या मुलातही ते पाणी पीत नाहीये, बरेच तास डायपर कोरडं आहे, खेळत तर नाहीच पण बघतही नाहीये, हे तापाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

आकड्यावरून आठवलं. तिकडे ताप सेल्सियसमध्ये सांगतात आणि लहान मुलांचा गुदद्वारातून मोजतात. आपल्या डोक्यात १०२ असतं, नर्स म्हणते ३८.९, आणि आपण उगाच निवांत होतो. १०० म्हणजे ३७.८, १०१ म्हणजे ३८.३, १०२ म्हणजे ३८.९, १०३ म्हणजे ३९.४, १०४ म्हणजे ४०. कपाटाच्या दाराला आतून लिहून लावा.

४. दाराजवळ ठेवायची पिशवी

मुलाचं विमा कार्ड, पिवळं पुस्तक, लसीकरणाचं पुस्तक, पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र, आई-बाबा दोघांचे पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड. एका कागदावर मुलाचं ताजं वजन आणि कुठलं औषध किती मिलिग्रॅम किती वाजता दिलं. चार्जर लांब वायरचा, घरातल्या स्लिपर्स, आईबाबांसाठी एक जोडी कपडे, मुलाचं पांघरूण किंवा जे काही घेऊन झोपतं ते. आमच्याकडे आजीची जुनी सुती साडी होती, धुवून धुवून मऊ झालेली, ती नसती तर रात्र निघाली नसती. खाऊ. पाण्याची बाटली.

५. इमर्जन्सीत गेल्यावर

नोटाउफनाहमे म्हणजे इमर्जन्सी. तिथे नंबराप्रमाणे घेत नाहीत, किती गंभीर आहे त्याप्रमाणे घेतात. एक नर्स सुरुवातीला बघून ठरवते. तुमच्या नंतर आलेलं मूल आधी आत जाईल, तुम्ही बाहेर बसाल, तास होईल, दोन होतील. भांडून काही होत नाही. पण बसल्या बसल्या मुलाची धाप वाढली, ते मलूल झालं तर उठून काउंटरवर जाऊन सांगायचं की आता जास्त झालंय, परत बघा. तेवढं बघतात.

तपासून "चहा पाजा, आराम करा, घरी जा" म्हणण्याचं प्रमाण खूप आहे. आपल्याला वाटतं टाळलं. अँटिबायोटिक नाही, सलाईन नाही, साधं सिरपसुद्धा घरी आहे का विचारतात. व्हायरल असेल तर तीच तिकडची पद्धत आहे आणि खरं सांगायचं तर मला ती आता पटते, पण त्या रात्री नव्हती पटली. घरी पाठवत असतील तर एकच प्रश्न विचारा: काय दिसलं तर परत यायचं? उत्तर लिहून घ्या.

घरगुती उपाय लपवू नका. गुटी दिली, वेखंड उगाळून लावलं किंवा चाटवलं, काजळ घातलं, कुठलं चूर्ण दिलं, सगळं सांगा. काही काजळांत आणि चूर्णांत शिसं सापडतं, त्यामुळे ते विचारतातच. आणि मूल पडलं असेल, भाजलं असेल तर कसं, कुठून, तेव्हा कोण घरात होतं हे दोन-तीन वेगवेगळे लोक परत परत विचारतील. संशय घेतात म्हणून चिडायचं नाही, हे प्रत्येक आईबापाला विचारतात. जे झालं ते सरळ सांगायचं.

६. अ‍ॅडमिट करताना सह्या

इथे सावकाश. पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा येतो, पोरगं कडेवर रडत असतं, आपण सह्या करत सुटतो. उपचाराचा करार आणि डेटाचा फॉर्म ठीक आहे, पण त्यात वाल्लाइस्टुंगन नावाचा एक कागद असू शकतो, त्यात एक माणसाची खोली, मोठ्या डॉक्टरांनीच बघणं वगैरे जास्तीच्या सोयी असतात. त्यावर सही केली की त्याचं बिल तुम्हाला, क्रांकनकासे देत नाही. नको असेल तर नको म्हणायचं, त्याने उपचारात काही फरक पडत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी डिस्चार्जनंतर बऱ्याच दिवसांनी असं बिल आलं होतं आणि सही त्यांचीच होती.

ऑपरेशन किंवा भूल असेल तर वेगळा माहितीपत्रकाचा फॉर्म असतो, तो इंग्रजीत आहे का विचारा, असतो बरेचदा. मोठ्या गोष्टींना आई-बाबा दोघांची सही लागते, तेव्हा बाबा ऑफिस ट्रिपवर असतील तर ते आधीच सांगून टाका.

एक पालक मुलाबरोबर राहू शकतो. मूल नऊ वर्षांचं होईपर्यंत पालक जवळ असणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे असंच धरतात, त्यामुळे राहण्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. पण "मी राहणार आहे, तशी नोंद करा" हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच सांगा. झोपायला घडीची कॉट मिळते, सकाळी राउंडच्या आधी ती मिटवून ठेवायची असते. मोठ्यांना हॉस्पिटलमध्ये दिवसाला १० युरो भरावे लागतात, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. १८ वर्षांखालच्या मुलांना ते नाहीत.

७. वॉर्डात

सुई लावताना हातावर बधिर करणारं मलम लावतात, वर पारदर्शक पट्टी चिकटवतात, तासभर थांबतात आणि मग इंट्राकॅथ घालतात. घाई नसेल तर हे मागून घ्या. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायची लाल दिव्याची पट्टी गुंडाळतात, ती रात्री मुलाने पाय झाडला की निसटते आणि मशीन कोकलायला लागतं. पहिल्या रात्री काळजाचं पाणी होतं, मग आपणच उठून पट्टी परत नीट बसवायला लागतो. ताप उतरवायला तोंडाने औषध घेत नसेल तर गुदद्वारातून द्यायची गोळी देतात, तिकडे ती अगदी रोजची गोष्ट आहे, दचकू नका.

करदोटा, मनगटातली काळी मणी, कानातले, एमआरआय किंवा ऑपरेशनच्या आधी काढायला सांगतात. आधीच काढून डबीत ठेवा, नाहीतर कात्रीने कापतात आणि मग इकडे आजीला सांगताना नाकी नऊ येतात.

डॉक्टरांचा राउंड सकाळी असतो आणि फार पटकन उरकतो. प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. तीन पुरेत: आज काय बदललं, कशाची वाट बघतोय, घरी जायला काय जमलं पाहिजे. आमच्या बाबतीत उत्तर होतं की झोपेत ऑक्सिजन न लावता आकडा टिकला पाहिजे आणि ती स्वतःहून प्यायला लागली पाहिजे. हे कळल्यावर निदान कशाकडे बघायचं ते तरी कळलं. कळलं नाही तर दुभाषा आहे का विचारा, फोनवरचा तरी असतो कधी कधी.

आता जेवण. दुपारी गरम, संध्याकाळी थंड, म्हणजे ब्रेड, चीज, हॅमच्या चकत्या. शाकाहारी सांगितलं तरी अंडं येतं, आणि लालभडक जेलीत जिलेटिन असतं, चालत नसेल तर स्पष्ट सांगा. भात आलाच तर तो गोड, दुधातला. आजारी पोराला पाहिजे असतो गुरगुट्या भात, मेतकूट आणि वर तूप. तर वॉर्डात पालकांसाठी छोटी किचन असते का ते विचारा, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह बहुतेक असतो. घरून मऊ भात डब्यात आणायचा, डब्यावर नाव आणि तारीख टाकून फ्रिजमध्ये ठेवायचा, तारीख नसलेले डबे सरळ फेकतात. पोटाचं दुखणं असेल तर बाहेरचं द्यायच्या आधी नर्सला विचारा. मेतकुटाचं एक पाकीट पुण्याहून जाताना घेऊन जाच, औषधाच्या कप्प्यात.

भेटायला गर्दी करायची नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत भावंडांनाही आत घेत नाहीत काही ठिकाणी.

८. ऑफिस, पगार, घरी दुसरं मूल

मुलाबरोबर हॉस्पिटलमध्ये राहिलात तर आपली रजा कापायची गरज नाही. किंडरक्रांकनगेल्ड नावाचा भत्ता क्रांकनकासे देते, साधारण बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ९० टक्के. मूल १२ वर्षांच्या आतलं हवं आणि पालक आणि मूल दोघंही सरकारी पद्धतीच्या विम्यात हवेत. घरी आजारी असलेल्या मुलासाठी २०२४ पासून प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस आहेत, एकट्या पालकाला ३०. पण हॉस्पिटलमध्ये बरोबर राहिल्याचे दिवस यात मोजत नाहीत, त्याला १ जानेवारी २०२४ पासून मर्यादाच नाही. त्यासाठी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, ते निघायच्या दिवशी नाही तर आदल्या दिवशी मागा. मॅनेजरला मात्र पहिल्याच सकाळी दोन ओळींची मेल टाका.

घरी दुसरं लहान मूल असेल आणि बघायला कोणी नसेल तर घरकामाला मदतनीस मिळू शकते, क्रांकनकासेला फोन करून हाउसहाल्ट्सहिल्फ विचारा. आईला पुण्याहून बोलावून घेऊ हा विचार त्या आठवड्यापुरता सोडून द्या, व्हिसा इतक्यात होत नाही. त्यापेक्षा पुण्यातल्या कोणा एकालाच रोज एकदा फोन करायचा आणि त्याने बाकीच्यांना कळवायचं. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, त्यामुळे तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असताना इकडून चहा पिता पिता "कशी आहे गं आता?" येतो. प्रेमापोटीच, पण फोन सायलेंटवर.

९. डिस्चार्ज

हातात डॉक्टरांचं पत्र घेतल्याशिवाय निघू नका, जर्मनमध्ये असतं, तात्पुरतं असलं तरी घ्या. एक प्रत दोन-तीन दिवसांत किंडरआर्त्स्टकडे, एक स्कॅन करून स्वतःकडे. प्रिस्क्रिप्शन बहुतेक ऑनलाइनच नोंदतात, औषधाच्या दुकानात विमा कार्ड दिलं की झालं, आणि १८ वर्षांखाली औषधाला वरचे पैसे पडत नाहीत. रविवारी दुकानं बंद, रात्रीही बंद, ज्या अपोथेकेची, म्हणजे औषधाच्या दुकानाची, पाळी असेल तेवढीच उघडी आणि तिथे रात्रीचे अडीच युरो जास्त. त्यामुळे शुक्रवारी दुपारी सोडत असतील तर घरी जायच्या आधी औषध घ्या.

नेब्युलायझर लिहून दिला असेल तर तो अपोथेकेतून भाड्याने मिळतो, प्रिस्क्रिप्शनवर किती दिवसांसाठी लिहिलंय ते बघा, लागला तर मुदत संपायच्या आधी किंडरआर्त्स्टकडून वाढवून घ्या. अ‍ॅम्ब्युलन्सने गेला असाल तर काही आठवड्यांनी पोस्टाने ५ ते १० युरोंचं पत्र येतं, प्रवासाच्या खर्चात मुलांनाही सूट नाही. फसवणूक वाटते पण खरं असतं, मुदतीत भरून टाका.